जहाजी इंधनातील गंधक-निर्बंध
जहाजांच्या एंजिनांत जाळल्या जाणाऱ्या तेलातील गंधकाचे कमाल प्रमाण ठरवून देणारे आंतरराष्ट्रीय नियम. खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात पेट्रोल, केरोसीन, डिझेल निघून गेल्यावर तळाशी जो दाट अवशेष उरतो, त्यात मूळ तेलातील बराचसा गंधक साचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांची मोठी डिझेल एंजिने हे तेल तापवून जाळू लागली. जहाजमालकांस अत्यंत स्वस्त इंधन लाभले व परिष्करण कारखान्यांस नकोशा अवशेषाचे गिऱ्हाईक मिळाले. धुरातील सल्फर डाय-ऑक्साइडाची झळ मात्र बंदरालगतच्या वस्त्यांस सोसावी लागे.

यूरोपातील आम्लवर्षणास मुख्यतः जमिनीवरील कोळसा व तेल कारणीभूत होते. १९७९ च्या जिनीव्हा करारानंतर तेथील उत्सर्जन घटू लागले, तसा जहाजांचा वाटा नजरेत भरू लागला. १९९७ मध्ये मार्पोल कराराला सहावे परिशिष्ट जोडण्यात आले. ते २००५ मध्ये अंमलात आले. त्यातील ४·५% ही जागतिक मर्यादा नाममात्रच होती, कारण जहाजी तेलातील गंधकाचे सरासरी प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी असे. खरा निर्बंध बाल्टिक व उत्तर समुद्रांत आला : प्रथम १·५%, २०१० पासून १% आणि २०१५ पासून ०·१%. ही शेवटची मर्यादा म्हणजे व्यवहारात डिझेलच्या जातीचे तेल वापरणे होय. त्यामुळे जवळच्या पल्ल्याचा माल जहाजांवरून मालमोटारींकडे वळेल, अशी भीती व्यक्त झाली. ती निराधार नव्हती. परंतु नेमक्या त्याच सुमारास खनिज तेलाचे भाव कोसळल्याने तिची कसोटी लागलीच नाही.

२०१२ मध्ये ३·५% झालेली जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० रोजी एकदम ०·५% वर आली. हायड्रोजनच्या साहाय्याने गंधक काढणे खर्चाचे असते. शिवाय मिश्रणासाठी जे हलके अंश लागतात, त्यांतील काहींपासून डिझेलही बनते. त्यामुळे जहाज आणि मालमोटार एकाच मालाचे ग्राहक झाले. जानेवारी २०२० मध्ये सिंगापूर येथे नव्या तेलाचा भाव टनामागे ७०० डॉलरांवर गेला. जुन्या तेलाशी तफावत ३०० डॉलरांहून अधिक होती. जहाज कंपन्यांनी ती इंधन-अधिभाराच्या रूपाने मालधन्यांकडून वसूल करण्यास आरंभ केला. तथापि करोना साथीत मागणी घटून त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तफावत १०० डॉलरांच्या आत आली. स्क्रबर ही धूर धुण्याची यंत्रणा बसविलेल्या जहाजांना जुने तेल वापरण्याची मुभा असल्याने, त्यांच्या मालकांचा भांडवली खर्च केव्हा भरून निघणार हे या तफावतीवरच ठरते. यंत्रणेतील धुवण समुद्रात सोडण्यास सिंगापूरसह अनेक बंदरांनी बंदी केली आहे.

नव्या मर्यादेचीही कठोरता सापेक्षच आहे. भारतात एप्रिल २०२० पासून मोटारींच्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत केवळ १० भाग गंधक चालतो. खुल्या समुद्रावरील जहाजास ५,००० भागांची मुभा आहे. भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून ०·१% ची मर्यादा लागू झाली.