वीस पिस्तुले आणि एक नसलेला कागद : नाशिक, १९०९

आजचा धागा एका ट्रंकेविषयी आहे. जॅक्सनवधाची कथा आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते : विजयानंद नाट्यगृह, 'शारदा' नाटक, अनंत कान्हेरे. त्या कथेत पिस्तूल जणू आपोआप नाशिकात उगवते. प्रत्यक्षात ते पॅरिस, लंडन, मुंबई असा प्रवास करून आले, आणि वाटेतील प्रत्येक टप्प्यावर कायदा त्याच्याकडे एक कागद मागत होता. कोणता कागद, कोणाकडून, आणि कोणाला तो लागतच नसे, हे पाहिल्याशिवाय १९०९ चे नाशिक नीट उमगत नाही, असे माझे मत आहे.

थोडे मागून सुरुवात करू. वाटेवर कागद दाखवावा लागणे ही गोष्ट इंग्रजांनी आणलेली नव्हे. पेशवाईत प्रवासाला निघणाऱ्याजवळ 'दस्तक' असे. वाटेतील चौक्यापहाऱ्यांना उद्देशून लिहिलेले, 'यांस अडथळा न करणे' अशा आशयाचे ते पत्र. दस्तक मागितले जाई ते माणसाच्या जाण्यायेण्यासाठी आणि मालाच्या जकातीसाठी. कमरेला तलवार असणे ही मात्र नित्याची बाब होती. शिलेदार तर स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊनच चाकरीस येई. शस्त्र बाळगणे हाच मुळात संशय, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती.

ती कल्पना रुजली १८५७ नंतर. नाशिक जिल्ह्याचा यात थेट संबंध आहे. ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नरजवळच्या नांदूर-शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला. भागोजी पुढे दोन वर्षे, १८५९ पर्यंत, सरकारच्या हाती लागला नाही. उठावाचा वणवा शमताच देशभर हत्यारे गोळा करण्याची मोहीम चालली, १८६० मध्ये पहिला व्यापक शस्त्रकायदा झाला, आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत तो कठोर झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातला. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांतच रिपनने रद्द केला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे पुस्तकात राहिला.

आता या १८७८ च्या कायद्याच्या पोटात शिरू. मराठीत त्याला सर्रास 'हत्यारबंदीचा कायदा' म्हणत. 'शस्त्र' या शब्दाच्या त्याच्या व्याख्येत बंदुका आणि तोफा तर होत्याच, शिवाय तलवारी, खंजीर, भाले, इतकेच काय धनुष्यबाणही होते. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांची ज्यांना माहिती आहे त्यांनी 'धनुष्यबाण' या शब्दावर क्षणभर थांबावे. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते, हे त्या एका शब्दावरून दिसते.

आपल्या विषयाला लागू पडतात ती कलमे मोजकीच आहेत. कलम ६ : परवान्यावाचून ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र आणायचे नाही. कलम १३ : परवान्यावाचून, आणि परवान्यात लिहिलेल्या मर्यादेपलीकडे, सशस्त्र हिंडायचे नाही. कलम १४ : बंदूक वा दारूगोळा परवान्यावाचून जवळ ठेवायचा नाही. म्हणजे आणणे, ठेवणे आणि घेऊन फिरणे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जात. घरात बंदूक ठेवण्याची मुभा म्हणजे ती खांद्यावर टाकून शेजारच्या तालुक्यात जाण्याची मुभा नव्हे. कलम १२ तर विलक्षणच. कोणी संशयास्पद रीतीने शस्त्रे नेताना आढळला, तर त्याला 'कोणाही माणसाने' वॉरंटाशिवाय धरावे! पोलीसच हवा असे नाही.

साधी कसूर झाली तर ३ वर्षांपर्यंत कैद. परंतु सरकारी नोकराला, रेल्वेच्या माणसाला किंवा मालवाहतूकदाराच्या नोकराला कळू नये अशा बेताने कोणी शस्त्रे आणली, नेली किंवा ठेवली, तर कलम २० लागे, आणि तेथे शिक्षा ७ वर्षांपर्यंत. कायद्याला आगगाडीची फार धास्ती होती. आगगाडीने सैन्य लवकर पोहोचे, तशी कुलूपबंद पेटीही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग : हे सगळे कोणाला लागू होते? कायद्याच्या कलम २७ ने सरकारला वाटेल त्या वर्गाला सूट देण्याचा अधिकार दिला होता, आणि नियमांनी युरोपीय, अँग्लो-इंडियन, आर्मेनियन आणि अमेरिकन यांना ती सूट दिली. काही संस्थानिक, किताबधारी आणि सरकारी अंमलदारही सूट मिळालेल्यांच्या यादीत होते. म्हणजे शिकारीला आलेला अमेरिकन प्रवासी मुंबईहून नाशिकपर्यंत बंदूक घेऊन जाऊ शके, आणि याच जिल्ह्यातल्या पाटलाला रानडुकरे हाकण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर अर्ज, चौकशी आणि परवाना. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला तेव्हा खुद्द ह्यूमचा त्याला विरोध होता. वंशावर आधारलेली ही सूट निघायला पहिले महायुद्ध संपावे लागले. (कोडगूचे कोडवा मात्र वेगळ्या वाटेचे. त्यांना इंग्रजांनी दिलेली सूट आजही टिकून आहे. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

परवाना देई कोण? जिल्ह्याचा डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, म्हणजेच कलेक्टर. १९०९ मध्ये नाशिकच्या त्या खुर्चीवर होता आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन.

याच्याविषयी दोन वाक्ये सांगणे न्याय्य होईल. तो संस्कृतचा अभ्यासक होता, मुंबई गॅझेटियरच्या कामात त्याचा वाटा होता, आणि त्याने जमविलेली लोकसाहित्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेनने संपादून प्रसिद्ध केली. त्याला 'पंडित' म्हणत. पण क्रांतिकारकांच्या लेखी तो बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्यावर पाठविणाऱ्या यंत्रणेचा जिल्ह्यातला चेहरा होता. ही दोन्ही चित्रे एकाच माणसाची आहेत; एक खरे ठरविण्यासाठी दुसरे पुसण्याचे कारण नाही.

आता ट्रंक. तिच्या प्रवासाची सुरुवात जेथे झाली, त्या देशांतले कायदे पाहिले तर गंमत वाटते. त्या काळच्या इंग्लंडात १८७० च्या कायद्याप्रमाणे घराबाहेर बंदूक बाळगायची तर १० शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे, आणि तो मिळे पोस्टात! तिकिटे विकणाऱ्या त्याच खिडक्यांच्या जगात. चौकशी नाही, चारित्र्याचा दाखला नाही. तो मुळात महसुलाचा कागद होता. १९०३ च्या पिस्तूल-कायद्याने थोडे निर्बंध आणले : पिस्तूल घेणाऱ्याकडे असा परवाना हवा, किंवा तो घरातच वापरणारा गृहस्थ हवा, किंवा निदान सहा महिन्यांसाठी परदेशी जाणारा हवा आणि तसा सहीचा दाखला त्याच्याजवळ हवा. मदनलाल धिंग्राने जानेवारी १९०९ मध्ये लंडनच्या एका नामांकित दुकानातून कोल्ट पिस्तूल विकत घेतले, तेही उघड उघड. म्हणजे हिंदी तरुण लंडनमध्ये रीतसर शस्त्र विकत घेऊ शके, आणि तेच शस्त्र घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरला की गुन्हेगार ठरे. साम्राज्य एक, प्रजा एकाच राजाची, आणि बंदराबंदरावर कायदा वेगळा.

फेब्रुवारी १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसहून २० ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळविली. ब्राउनिंगच्या रचनेची ही स्वयंचलित पिस्तुले बेल्जियममधील हेर्स्टाल येथे तयार होत आणि युरोपात सहज विकत मिळत. कोटाच्या खिशात मावेल असे हत्यार. पूर्वीच्या अवजड रिव्हॉल्व्हरांशी तुलना केली तर लपविण्याच्या दृष्टीने हा मोठाच फरक होता. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होता. त्याच्या सामानातील एका पेटीला खोटा तळ बसविला गेला आणि पिस्तुले त्याखाली गेली.

मार्चच्या सुरुवातीस ती पेटी मुंबईत उतरली. धक्क्यावर जकातीची तपासणी होतीच, पण ती वरच्या कपड्यांपर्यंत पोहोचली आणि थांबली. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर हा कलम २० चा जवळजवळ आदर्श नमुना होता : सरकारी माणसाला कळू नये एवढ्यासाठीच घडविलेला तळ. माझ्या दृष्टीने तो लाकडी तळ म्हणजे हत्यारबंदीच्या कायद्याची उलटी प्रतच. कायदा जेथे जेथे पाहील असे लिहिले होते, त्या त्या जागा त्याने टाळल्या.

काळाचा योग असा, की पिस्तुले समुद्रावर असतानाच नाशिकात बाबारावांना अटक झाली. अटकेच्या थोडे आधी त्यांनी एका सहकाऱ्याला पिस्तुले येत असल्याची कल्पना देऊन ठेवली होती, म्हणून तो माल बेवारस झाला नाही. ८ जून १९०९ रोजी बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. प्रसिद्ध केलेल्या काव्यावरून राजद्रोह आणि राजाविरुद्ध युद्धाची चिथावणी, हा आरोप होता. शस्त्रकायद्याचा त्या निकालाशी संबंध नव्हता. पिस्तुलांचा पत्ता सरकारला तेव्हा लागलाच नव्हता.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. जॅक्सनची बदली झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी निरोपादाखल विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. औरंगाबादेत शिकत असलेल्या, जेमतेम अठराच्या अनंत लक्ष्मण कान्हेरेने तेथे त्याच्यावर गोळ्या झाडल्या. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात. तेथून नाशिकला यायचे तर गाडी मनमाडला बदलावी लागे, आणि त्या प्रवासात संस्थानाची हद्द संपून ब्रिटिश हद्द सुरू होई. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. वापरलेले ब्राउनिंग त्या वीसांपैकी होते असे सरकारी तपासात निष्पन्न झाले.

आणि येथे कागद पुन्हा वर येतो, या वेळी सरकारच्या बाजूने. सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनमध्ये पकडले, तेव्हाच्या आरोपांत शस्त्रे मिळविणे आणि वाटणे हा एक प्रमुख आरोप होता. खटल्यात चतुर्भुज अमीनने सरकार पक्षातर्फे साक्ष दिली. पेटी कोणी भरली, तळ कसा होता, माल कोणाच्या स्वाधीन झाला, हे सर्व अशा रीतीने न्यायालयाच्या दप्तरात लिहिले गेले. ज्या प्रवासाचा एकही कागद असू नये अशी सारी खटपट केली होती, त्याचा तपशील आज आपल्याला मिळतो तो या दप्तरामुळेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एक सावधगिरी बाळगावी : साक्ष देणारा स्वतःची मान वाचवीत असतो. पेट्यांची नि पिस्तुलांची संख्या अशा साक्षीवरून घेता येते. हेतू आणि संभाषणे तितक्या निश्चिंतपणे घेऊ नयेत.

बाबारावांच्या पाठोपाठ विनायकरावांना २४ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ अशा दोन निकालांत दोन जन्मठेपी झाल्या. दुसरी जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल, म्हणजे मुख्यतः त्या पेटीबद्दल.

अनेक जण विचारतात, स्वतंत्र भारताने हा कायदा फेकून का दिला नाही? दिला, पण सांगाडा ठेवून. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. नव्या कायद्यात वंशाचा प्रश्न उरला नाही, लाठी आणि साधी हातातली काठी व्याख्येतून स्पष्टपणे वगळली गेली, आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला परवाना मिळण्याची तरतूद कायद्यातच आली. तरी संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचे कलम १२ हे कलम २० होऊन उतरले आहे. आता 'कोणाही माणसा'ऐवजी तेथे दंडाधिकारी, पोलीस, इतर लोकसेवक, आणि रेल्वे, जहाज, विमान वा वाहनावर काम करणारे एवढेच आहेत. आगगाडीची धास्ती गेलेली नाही, तिला विमानाची जोड मिळाली. २०१६ च्या नियमांनी बंदूक सार्वजनिक जागी उघडी नेण्यावर बंधन घातले, तर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्नावरातीत हर्षाने गोळीबार करणाऱ्यांसाठी वेगळी शिक्षा ठेवली.

नाशिक शहरात आज हा परवाना पोलीस आयुक्तालय देते. ग्रामीण भागासाठी मात्र अजूनही जिल्हा दंडाधिकारी, जॅक्सनच्याच पदाचा आजचा वारसदार. परवान्यात एक रकाना असतो : कोणत्या क्षेत्रापुरता वैध. तेथे जिल्हा लिहिलेला असतो, राज्य असते किंवा संपूर्ण भारत. 'महाराष्ट्र' लिहिलेला परवाना घेऊन सुरगाण्याहून सापुताऱ्याकडे निघालात, तर गुजरातची हद्द लागते तेथे तो कागद संपतो.