भाडेपावती आणि गृहिणी

ज्या घरांत आपण राहतों तेथून आपल्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मुंबईच्या माणसाला नवा नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत या शहरांतील खोल्यांचीं भाडीं भराभर चढूं लागलीं. वाढीव भाडें ज्याला झेपत नसेल त्यानें आपलें बिऱ्हाड हलवावें, असा मालकांचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाला १९१८ सालच्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानें प्रथम हात घातला. १ जानेवारी १९१६ रोजीं असलेलें भाडें त्यानें प्रमाण धरलें. आणि तें देण्याची ज्याची तयारी आहे अशा भाडेकरूस, कांहीं ठराविक कारणें सोडल्यास, घराबाहेर काढण्याचा हुकूम देऊं नये असें कोर्टांस बजावलें.

तो कायदा तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धानें तीच अडचण पुन्हां उभी केली, आणि तिच्यांतून १९४७ चा कायदा निघाला. श्रोतेहो, त्यांतील चोविसावें कलम मला फार आवडतें. तें लिहिणारास चाळींतलें जीवन चांगलें ठाऊक असावें. भाडेकरूस हाताला धरून काढावें लागतच नाहीं. नळ बंद केला, जिन्यांतला दिवा काढून नेला, संडासाची सफाई थांबविली, कीं महिन्याभरांत माणूस आपण होऊन ट्रंका बांधूं लागतो! सबळ कारणावांचून असें कांहीं करण्यास त्या कलमानें मनाई केली, आणि हीच मनाई १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांतही आहे.

याहून जुना आधार १८७७ च्या कायद्यांत सांपडतो. कायद्याच्या मार्गानें न जाता कोणी आपल्याला घराबाहेर घातलें, तर सहा महिन्यांच्या आंत दावा करून ताबा परत मिळवितां येत असे. त्या दाव्यांत मालकी कोणाची हें पाहिलेंच जात नसे. १९६३ च्या कायद्यानें ही सोय कायम ठेवली आहे.

आतां त्याच खोलीच्या आंत पाहूं. भाडेपावती बहुधा नवऱ्याच्या नांवची. मध्यरात्रीं त्यानेंच बायकोला दाराबाहेर घालून कडी लावली, तर भाडेकरूंच्या या कायद्याला त्याचें कांहीं सोयरसुतक नव्हतें. १९४६ च्या कायद्यानें क्रूर वागणुकीमुळें वेगळें राहण्याचा व पोटगी मागण्याचा हक्क हिंदु विवाहितेस दिला. म्हणजे तिला निघून जाण्याचा हक्क मिळाला, राहण्याचा मिळाला नाहीं. १९८३ सालीं पतीची व सासरच्यांची क्रूरता हा दंडसंहितेंतील स्वतंत्र गुन्हा झाला. पण सकाळीं चौकीवर फिर्याद देणारी स्त्री रात्रीं निजायला कोणत्या घरीं जाणार? या एका विचारानें किती फिर्यादी ओठांतच राहिल्या असतील!

उत्तर मिळालें तें २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यांत. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजीं अंमलांत आला. मालकी असो वा नसो, ज्या सामाईक घरांत ती नांदते तेथें राहण्याचा तिला हक्क आहे, आणि कायदेशीर रीतीवांचून तिला कोणीही काढूं शकत नाहीं. भाडेकरूला जें १९१८ सालीं लाभलें, तें त्याच खोलींत चूल सांभाळणाऱ्या स्त्रीला लाभण्यास ८८ वर्षें लागलीं. मारहाण करणाऱ्या पुरुषालाच घर सोडण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊं शकतात; स्त्रीला असा हुकूम देतां येत नाहीं. संरक्षणाचा हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

तरी पळवाट निघालीच. घर सासूच्या नांवें असेल तर तें सामाईक नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००६ मध्यें दिला. आणि मग "घर आईचें आहे, माझें नाहीं" असें म्हणणें मुलांना फार सोपें झालें. ऑक्टोबर २०२० मध्यें त्याच न्यायालयानें तो निकाल फिरविला. सासूसासऱ्यांच्या घरांतही ती नांदत असेल तर आतां तिला हा हक्क सांगतां येतो. मात्र वृद्धांच्या शांततेचाही विचार न्यायालयाला करावा लागतो, आणि तो करावाच.

अर्जावर पहिली सुनावणी साधारणपणें तीन दिवसांच्या आंत ठेवावी असें कायदा सांगतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही देतां येतो. वकील नेमण्यास पैसे नसले तरी १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रियांना विधिसेवा मोफत मिळते, आणि तेथें त्यांचें उत्पन्न विचारलें जात नाहीं.