काचेतली भाऊबंदकी

घरात माशांची टाकी ठेवली की मनाला शांती लाभते, असं हल्ली कोणीही कोणालाही सांगतं. रक्तदाब वाढलेल्याला डॉक्टर सांगतात, कर्ज वाढलेल्याला वास्तुशास्त्रवाले सांगतात आणि दोन्ही वाढलेल्याला शेजारी सांगतात. माशांच्या मनाला शांती लाभते की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. टाकीसमोर खुर्ची टाकून तासभर नीट बघा. एक मासा दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतोय, तिसऱ्याची शेपटी कुरतडलेली आहे आणि चौथा पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभा आहे. आम्हा कोकणातल्या माणसांना हे दृश्य नवं नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात गेलं की हेच दिसतं, फक्त तिथे पाणी नसतं.

तिकडे अमेरिकेत हौशी लोक आपल्याच तळ्यांतले सनफिश आणि बास घरच्या टाकीत पाळतात आणि मग त्यांची भांडणं सोडवता सोडवता म्हातारे होतात. आपल्याकडे ही जोडी शोधायला लांब जायला नको. आपला सनफिश म्हणजे कालुंदर. नात्याने तो वेगळा, पण स्वभावाने तसाच. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात आणि 2010 साली त्या सरकारने त्याला राज्यमाशाचा मान दिला. आणि आपला बास म्हणजे रायगडकडचा जिताडा, गोव्यातला चोणक. साहेब त्याला सी-बासच म्हणतो. गंमत अशी, की या दोघांनाही शास्त्रीय नावं मिळाली ती एकाच वर्षी, 1790 साली, आणि एकाच माणसाकडून. मार्कुस ब्लोख नावाचा बर्लिनचा डॉक्टर. त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता. दारूत बुडवून पाठवलेले मासे पाहायचे आणि नाव ठेवायचं, असा त्याचा उद्योग. न पाहिलेल्या माणसाला नावं ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, पण आपण ती इतक्या शिस्तीत ठेवत नाही.

दोघं खाडीतलेच, पण भांडणाची कारणं वेगळी. कालुंदर हा प्रामुख्याने शेवाळ आणि पाणवनस्पतींवर जगणारा, म्हणजे जवळजवळ शाकाहारी गृहस्थ. त्याचं भांडण जमिनीचं. नर-मादी जोडीने जागा धरतात, अंडी घालतात, पिल्लं राखतात आणि कोणी हद्दीत आला की अंगावर धावून जातात. थोडक्यात, बांधावरचा कज्जा. जिताड्याचं भांडण पोटाचं. तो बांध-बिंध मानत नाही. समोरचा तोंडात मावतो का, एवढाच त्याचा प्रश्न. आणि हे लहानपणापासून. एका अंड्याच्या खेपेतली पिल्लंसुद्धा थोडी लहानमोठी झाली की थोरला धाकट्याला गिळतो. आपल्या अर्ध्या लांबीहून मोठं भावंडही त्याला पचतं.

कालुंदराला दक्षिणेत एक धाकटा चुलतभाऊ आहे. पिवळा, नारिंगी, दिसायला गोजिरवाणा. 1972 साली वायमन आणि वॉर्ड या दोघांनी नोंदवलं, की हा धाकटा मोठ्याच्या अंगावरचे किडे, बुरशी टिपून त्याला स्वच्छ करतो. मोठा काका ऐटीत उभा राहून सेवा करून घेतो. आता कोणी म्हणेल, वा, काय हे बंधुप्रेम! पण हाच धाकटा संधी मिळाली की मोठ्याची अंडीपिल्लं मटकावतो. पाय चेपायचे आणि वारस संपवायचे! वकील मंडळींना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

माणसाने हे सगळं काचेत आणून बघायला सुरुवात केली त्याला फार वर्षं झाली नाहीत. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने दोन गोल्डफिश, थोडी पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून हिशेब मांडून दाखवला. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगायी कचरा साफ करतात. जमा-खर्च बरोबर! आम्हा कॉमर्सवाल्यांना ही पद्धत लगेच पटते. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं सार्वजनिक दालन उघडलं आणि 1854 साली फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. पाण्याचा ताळेबंद जुळला खरा. पण माशांचे आपसांतले संबंध हे खातं त्या हिशेबात कोणी उघडलंच नव्हतं.

पूर्वेकडे मात्र त्या खात्यावर उत्पन्न चालू होतं. सयाममध्ये माशांच्या झुंजी लावत आणि त्या भरवण्याच्या परवान्यातून राजाला बऱ्यापैकी महसूल मिळे, असं थिओडोर कँटर या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहून ठेवलं आहे. त्या माशाला आजचं शास्त्रीय नाव मिळालं 1910 साली आणि 2019 साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर केलं. एकंदरीत, भांडणाऱ्याला मान मिळतो.

आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि कोकणातून मुंबईला गेलेला माणूस राणीची बाग पाहून झाली की तिकडे जाऊ लागला. वास्तविक त्यातले निम्मे मासे त्याने ताटात पाहिलेले. पुढे रत्नागिरीत झाडगावला 1958 साली सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र निघालं, नंतर ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं. तिथलं मत्स्यालय पाहायला जाणाऱ्या रत्नागिरीकराचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘हा खातात का?’ आणि दुसरा, ‘हे एकमेकांना खात नाहीत का?’ दुसरा प्रश्न साधा नाही. त्यावर दोन माणसांनी जन्म घालवला आणि नोबेल मिळवलं.

त्यातले एक हॉलंडचे निको टिंबर्गन. त्यांच्या लायडनच्या प्रयोगशाळेत खिडकीशी टाक्या होत्या. त्यात काटेरी पाठीचे स्टिकलबॅक मासे. विणीच्या दिवसांत नराचं पोट लाल होतं आणि लाल पोटाचा दुसरा नर दिसला की तो भडकतो. एकदा रस्त्यावरून टपालखात्याची लाल मोटार गेली आणि टाक्यांमधले सगळे नर त्या मोटारीवर तुटून पडायला काचेकडे धावले! दुसरे ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेंझ. 1963 साली त्यांनी आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. कालुंदराच्याच घराण्यातले, म्हणजे सिक्लिड कुळातले मासे त्यांनी जोडीजोडीने काचेचा पडदा घालून ठेवले होते. पडद्यावर शेवाळ धरलं, पलीकडचा शेजारी दिसेनासा झाला, की नर आपल्याच बायकोच्या अंगावर जाऊ लागे. काच पुसली, शेजाऱ्यावर डोळे वटारायची सोय झाली, की घरात पुन्हा गोडीगुलाबी. आक्रमकता आत साठत जाते आणि कुठेतरी बाहेर पडावीच लागते, हा त्यांचा सिद्धांत पुढच्या शास्त्रज्ञांनी फारसा मानला नाही. पण शेजारी असल्यामुळे संसार टिकतो, हे कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेला माणूस शपथेवर सांगेल.

या दोन मित्रांची पुढची हकीकत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लॉरेंझ 1938 साली नाझी पक्षात गेले आणि युद्धात जर्मन सैन्यात होते. टिंबर्गन आपल्या विद्यापीठातल्या ज्यू सहकाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून 1942 पासून दोन वर्षं जर्मनांचे ओलीस होते. माशांची भांडणं अभ्यासणाऱ्या दोघांच्या मध्ये अशी काच उभी राहिली. युद्ध संपल्यावर, 1949 साली, ते केंब्रिजला भेटले. मैत्री पुन्हा जोडली गेली आणि 1973 साली कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह दोघांनी नोबेल वाटून घेतलं. कोणी कुणाला काय म्हटलं असेल ते असो, पण भेटायला केंब्रिज होतं. दोघांपैकी कोणाचंच घर नव्हे, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

टाकीतला तंटा मिटवण्याच्या ज्या युक्त्या हौशी लोकांनी शोधल्या, त्याही शेवटी जागेच्याच आहेत. पहिली, मापाप्रमाणे वर्गवारी. जिताड्याची पिल्लं वाढवणारे दर काही दिवसांनी ती मापावार वेगळी करतात, आम्ही नोटांच्या गड्ड्या लावतो तशी. पाचशेच्या गड्डीत दहाची नोट सापडली तर नुसती चूक निघते, इथे दहाची नोट नाहीशीच होते. दुसरी, दगड, कौलं, मडक्याचे तुकडे असे ठेवावेत की एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. तिसरी, नवा मासा सोडायचा तो दिवा मालवून. आणि चौथी, सर्वांत नामी. नवा आला की टाकीतले सगळे दगड हलवून मांडणी बदलून टाकायची. जुन्याचा सातबारा रद्द! आपला कोपरा कुठला हेच त्याला कळत नाही आणि सगळे नव्याने अर्जदार होतात. बँकेत यालाच बदली म्हणतात. इतकं करूनही एखादा दांडगा ऐकत नाही, तेव्हा त्याला उचलून वेगळ्या टाकीत ठेवायचं.

हा शेवटचा उपाय रत्नागिरीने जवळून पाहिला आहे. ब्रह्मदेशात थिबा गादीवर आला आणि 1879 साली राजघराण्यातली डझनावारी माणसं मारली गेली. वाड्यात राहून गादीवर हक्क सांगू शकतील, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यामागे राजापेक्षा त्याच्या सासूबाईंचा हात होता, असं इतिहासकार म्हणतात. त्या माणसांना पळून जायला जागा नव्हती. 1885 साली इंग्रजांनी थिबाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 च्या सुमाराला त्याला वाडा बांधून दिला, टेकडीवर, समोर खाडी आणि समुद्र. राजाने रत्नागिरीत तीस वर्षं जाणारं-येणारं पाणी पाहिलं आणि 1916 साली तिथेच डोळे मिटले. टाकी मोठी होती, देखणी होती, पण टाकीच.

त्याच वाड्यावरून दिसणाऱ्या भाट्याच्या खाडीत कालुंदर आणि जिताडा दोघंही पिढ्यान् पिढ्या नांदले आहेत. तिथे ते सज्जन होतात असं नाही. तिथेही हद्दी आहेत, तिथेही मोठा मासा लहान्याला खातो. फरक इतकाच, की हरलेला कालुंदर शेपूट वळवून चार हात पलीकडे जातो आणि तिथल्या दगडावरचं शेवाळ खायला लागतो. जिंकलेलाही त्याच्या मागे फार लांब जात नाही, कारण त्याला स्वतःचं घर राखायचं असतं. टाकीत तेच चार हात नसतात. हरलेला पुन्हा पुन्हा त्याच्याच नजरेसमोर येतो आणि जिंकणाऱ्याला वाटतं, हा अजून भांडतोय.

कोकणातल्या घरांची गोष्ट याहून वेगळी नव्हती. दोन भावांचं पटेनासं झालं की एक जण बोटीत बसून मुंबईला जायचा. गिरणीत लागायचा, गणपतीला नारळ-खोबरं न्यायला घरी यायचा आणि पाच दिवस दोघं भाऊ एका पंगतीत गुण्यागोविंदाने बसायचे. लोक म्हणायचे, ‘कसे राहतात बघा, राम-लक्ष्मणासारखे!’ ते प्रेम खोटं नव्हतं. पण त्या प्रेमाला मधल्या समुद्राचा टेकू होता. तेव्हा टाकी घेणाऱ्याने मासे निवडण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारावं, ‘यात पळायला जागा किती आहे?’ आणि दुकानदार हसला तर हसू द्यावं. त्याच्याही घरी दोन खोल्यांत सहा माणसं असतील.