पिल्लू बाहेर कधी जातं?

आजचा प्रश्न अगदी साधा वाटेल. दिव्याच्या उबेत वाढलेलं कोंबडीचं पिल्लू बाहेरच्या खुराड्यात कधी न्यायचं?

ज्यांनी घरी खुडूक कोंबडी बघितली आहे, त्यांना हा प्रश्न पडणारच नाही. ते सगळं आई बघते. पंखाखाली तीच घेते, उकिरड्यावर उकरायला तीच नेते, घार दिसली की तीच ओरडते. आपण फार तर वरून डालगं घालायचं. प्रश्न सुरू होतो तो आईला बाजूला केल्यावर.

आणि हा उद्योग जुना आहे बरं का. इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवायचे. थर्मामीटर नव्हता, अंडं पापणीला लावून ऊब ओळखायची! फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने त्यावरून प्रयोग केले, शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबवली आणि १७४९ मध्ये पुस्तकही लिहिलं. पण पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना घ्यायला पंख कुणाचे? त्याने एका पेटीला आतून कोकराचं लोकरीचं कातडं लावलं. तिला नाव दिलं 'कृत्रिम आई'. आजचा ब्रूडर म्हणजे तीच पेटी, फक्त कातड्याच्या जागी बल्ब.

पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते. म्हणून पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश तापमान लागतं आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतातच. दिव्याखाली गर्दी केली तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय. पाच-सहा आठवड्यांत पिसं भरली की बाहेर.

आता गंमत ऐका. एकेकाळी हे बाहेर जाणं पिल्लाच्या मर्जीवर नव्हतं आणि मालकाच्याही नाही. हिवाळ्यात कोंडून वाढवलेली पिल्लं पायांतून जायची. उभी राहता येईना, चालता येईना. म्हणून पिल्लं वसंतात काढायची आणि लवकर उन्हात सोडायची, अशी रीत होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवलं की हा मुडदूस आहे, आणि ऊन किंवा कॉड माशाच्या यकृताचं तेल यांनी तो टळतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मात्र चालत नाही, कारण लागणारे अतिनील किरण काच अडवते. याच सुमारास, १९२२ मध्ये, मॅक्कॉलम यांनी तेलातला हा गुण वेगळा ओळखला. तेच आपलं व्हिटॅमिन डी.

म्हणजे काय झालं, बघा. खाद्यात थोडं तेल मिसळलं की अंगणाची गरज संपली. मला विचाराल तर ब्रॉयलरच्या इतिहासात अंडी उबवणाऱ्या यंत्रापेक्षा हे मोठं वळण आहे.

कारण धंदा तयारच होता. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी परत पाठवली नाहीत. १६ फूट बाय १६ फुटांच्या खोलीत वाढवली. जगलेली ३८७ त्यांनी मांसासाठी ६२ सेंट पौंडाने विकली. तीन वर्षांत त्यांच्याकडे १०,००० पक्ष्यांची जागा होती! ती पहिली खोली तिथे आजही जपून ठेवली आहे.

आपल्याकडे पुण्यात १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली. आज गावाबाहेर लांबच लांब जाळीच्या शेड दिसतात ना? जाळीतून वारा आत येतो, पक्षी बाहेर येत नाही. आणि आता हिशोब करा: ब्रॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांत विक्रीला जातो. म्हणजे गावरान पिल्लू ज्या वयात ब्रूडरमधून खुराड्यात जातं, त्याच वयात हा पक्षी गाडीत चढतो.

तुमच्या घरी दहा-बारा गावरान पिल्लं असतील, तर आधी आठवडाभर दिवा दिवसा बंद ठेवून बघा. दुपारी तास-दोन तास बाहेर, संध्याकाळी आत. खुराड्यात हलवल्यावर पहिले काही दिवस आतच कोंडा, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळतं. कडी मात्र नीट लावा. मुंगूस वाट बघत असतं.

चला, भेटू पुढच्या भागात.