गेजचा आकडा आणि नोंदीत नसलेली लावरी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या लावरीच्या शिकारीवर आहे. तिकडची लावरी म्हणजे बॉबव्हाइट, वजन साधारण 170 ग्रॅम. जुन्या कॅटलॉगांमधून बंदुकांची माहिती काढून मी एक्सेलमध्ये भरत होतो. ‘गेज’ या रकान्यात 12, 16, 20, 28, 410 असे आकडे होते. ते चढत्या क्रमाने लावले, छान आलेख काढला आणि सरांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “यातली सगळ्यात मोठी बंदूक कुठली?” मी म्हणालो, 410. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं.

आपल्याकडे ‘बारा बोअर’ हा शब्द गावोगावी माहीत आहे, पण बारा म्हणजे बारा काय, हे कोणी विचारत नाही. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घ्या. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. 12 गेजची नळी साधारण 18.5 मिलिमीटरची, 20 ची 15.6 आणि 28 ची 14. आणि 410? तो गेज नाहीच. ती थेट इंचातली मोजणी आहे, .410 इंच, म्हणजे 10.4 मिलिमीटर. गेजमध्ये सांगायचं तर 67 च्या आसपास. मी एकाच रकान्यात दोन वेगळी मापं भरली होती, आणि त्यातलं एक उलटं चालणारं.

इथपर्यंतची चूक कोशात बघून सुटते. पुढची सुटत नाही.

शिकारीवरच्या जुन्या लेखनात बारीक नळीच्या बंदुकीला सर्रास ‘कमजोर’ म्हटलेलं दिसतं. तुम्हीही ते तसंच उतरवून घ्याल. पण 410 मधून सुटलेला एक छर्रा 12 गेजमधल्या तेवढ्याच छऱ्यापेक्षा फार हळू जातो असं नाही. वेग जवळपास सारखाच, आणि पक्ष्याला लागला तर मारही तेवढाच. फरक आहे तो संख्येचा. अमेरिकी 8 नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात साधारण 410 बसतात (हा आकडा आणि बंदुकीचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग). 12 गेजच्या सव्वा औंसाला थोडा कमी, म्हणजे 1⅛ औंसाच्या काडतुसात ते 461 होतात, 20 गेजच्या ⅞ औंसात 359, 28 च्या ¾ औंसात 307, आणि 410 च्या अर्ध्या औंसात जेमतेम 205.

आता टक्केवारी बघा, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला. बंदुकीची परीक्षा घ्यायची जुनी रीत अशी, की 40 यार्डांवर कागद लावायचा, गोळी झाडायची, 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. नळीचं तोंड जास्त आवळलेलं असेल तर साधारण 70 टक्के छर्रे वर्तुळात येतात, कमी आवळलेलं असेल तर 50. कॅटलॉगमध्ये ‘70 टक्के’ वाचून माणूस खूश होतो. पण 205 चे 70 टक्के 143 होतात, आणि 461 चे 50 टक्के 230! पाया न सांगता दिलेली टक्केवारी विकणाऱ्याच्या सोयीची असते, आणि कॅटलॉग लिहितो विकणाराच.

छऱ्याच्या नंबराचंही तसंच. अमेरिकी 6 नंबरचे औंसात सुमारे 225 छर्रे, इंग्रजी 6 नंबरचे 270. तुमचं एक साधन लंडनचं आणि दुसरं अमेरिकेचं असेल, तर दोन्हीकडे ‘6’ लिहिलेलं असूनही तुम्ही वेगळ्या गोष्टींची तुलना करत असता.

28 आणि 410 यांच्या तुलनेत एक मजेशीर वळण आहे. 1933 मध्ये विंचेस्टर कंपनीने मॉडेल 42 ही बंदूक आणली आणि सोबत तीन इंची 410 काडतूस. त्यात ¾ औंस छर्रे, म्हणजे कागदावर 28 ची बरोबरीच. पण तेवढेच छर्रे 14 ऐवजी 10.4 मिलिमीटरच्या नळीत भरले की त्यांचा लांबच लांब थर होतो. कडेचे जास्त छर्रे नळीला घासून चपटे होतात आणि भरकटतात. त्या काळात काडतुसात प्लॅस्टिकचं वेष्टन नव्हतं, त्यामुळे हे जास्तच व्हायचं. वजन सारखं, कागदावरची भोकं वेगळी.

मग 410 टिकली कशी? केवळ शिकारीमुळे नाही. स्कीट या नेमबाजीच्या खेळात 12, 20, 28 आणि 410 असे चार गट पडले. 16 गेज, जी शिकाऱ्यांची चांगली आवडती होती, तिला स्वतःचा गट मिळाला नाही. पुढे ती मागे पडली. एकमेव कारण हेच असं मी म्हणणार नाही, 20 गेजची वजनदार काडतुसं आल्यावर 16 ची जागा तशीही आक्रसली. पण ‘टिकली म्हणजे चांगली असणार’ हा तर्क इथे चालत नाही.

लावरीसाठी मात्र 28 चं कौतुक समजण्यासारखं आहे. कुत्रा पक्ष्यासमोर थबकतो, शिकारी चालत जवळ जातो, थवा पायाशीच भुर्रकन उडतो, आणि बार बहुधा 20-25 यार्डांच्या आत होतो. तिथे ¾ औंस पुरतात. त्याच भरवशावर कोणी 40 यार्डांवर बार टाकला, तर विरळ छऱ्यांतून पक्षी मरत नाही, जखमी होऊन झाडीत जातो.

आणि तो कुठल्याच वहीत येत नाही. शिकारवहीत येतात ते हाती लागलेले पक्षी. ‘हलक्या बंदुकीनेही इतके मिळाले’ या ओळीवरून बंदूक चांगली की वाईट हे ठरवता येत नाही, कारण तुलनेसाठी लागणारा अर्धा आकडा लिहिणाऱ्याने पाहिलेलाच नाही. पाणपक्ष्यांच्या बाबतीत ही पोकळी थोडी भरली. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी जिवंत पकडलेल्या बदकांचे आणि हंसांचे एक्स-रे काढले, तेव्हा अनेकांच्या अंगात जुने छर्रे सापडले. मला वाटलं, झालं काम, हेच प्रमाण लावरीला लावू. पण हंस वर्षानुवर्षं जगतो, छरे अंगात साठत जातात. बहुतेक लावऱ्या वर्षभरसुद्धा जगत नाहीत. जखमी लावरी एक्स-रेपर्यंत पोचायची शक्यताच कमी.

तक्ता मी पुन्हा केला. ‘गेज’ आता शेवटच्या रकान्यात आहे. आधी काडतुसातलं वजन, छऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, छऱ्यांची संख्या, अंतर, आणि आकडा कोणी दिला, विकणाऱ्याने की मारणाऱ्याने. ‘जखमी होऊन गेलेले’ असाही एक रकाना आहे, जवळजवळ सगळा रिकामा. सुरुवातीला मी त्यात शून्य भरले होते. ते सगळे पुसले.