बियाण्याच्या इतिहासात मजूर कुठे?

जनुकबदल केलेल्या बियाण्याचा इतिहास आपल्याकडे कंपनी आणि शेतमालक या दोघांच्याच हिशेबाने लिहिला जातो. मी तो रोजंदारीच्या बाजूने वाचतो. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कपाशीला परवानगी दिली. आरंभी बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, बोंडे वाचली. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, रस शोषणाऱ्या किडींवर तर ते चालतच नव्हते, आणि फवारणी परत आली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेणाऱ्याच्या नावे सातबारा असतोच असे नाही.

पुढची कपाशी तणनाशक सोसणारी. परवानगी नसताना जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरली. युक्तिवाद काय, तर निंदणाचा खर्च वाचतो. हा खर्च म्हणजे भूमिहीन बायांची मजुरी, आणि त्यांत दलित-आदिवासी बाया किती, हे विदर्भात कुणाला सांगायला नको! निंदण सुखाचे नव्हे, कंबर मोडते. ते जावे, असे मीही म्हणेन. पण बियाणे तपासणारी समिती पर्यावरण आणि आरोग्य पाहते. बुडणाऱ्या रोजाच्या बदल्यात कोणते काम, हा प्रश्न तिच्यापुढे आपल्यालाच न्यावा लागेल.