तेलविहिरींचें खारें पाणी व हरवलेले कागद

जुना कागद म्हटला म्हणजे या त्रैमासिकाच्या वाचकांस सनद, महजर, ताळेबंद किंवा एखाद्या मठांतील पोथी आठवते. ज्या कागदांत स्वारीचा वा इनामाचा उल्लेख नाहीं तो इतिहासाचा कागद कसा, असें आम्हांसही पुष्कळ वर्षें वाटत असे. प्रस्तुत निबंधांत आम्ही ज्या कागदांचा विचार करणार आहों ते अगदीं निराळ्या जातीचे आहेत. अमेरिकेंत तेलाच्या विहिरी पाडणाऱ्यांच्या टिपणवह्या, शेतांच्या हद्दी दाखविणारे नकाशे, आणि विहीर सोडून देतांना भरलेलीं पत्रकें, असे हे कागद होत. यांचें मोल तेलाचा इतिहास लिहिण्यापुरतेंच नाहीं. त्या मुलखांतील गोडें पाणी पुढें गोडें राहील कीं नाहीं, हें कांहीं अंशीं या कागदांवर अवलंबून आहे, असें आमचें म्हणणें आहे. तें पटविण्याकरितां मुळापासून आरंभ केला पाहिजे.

खनिज तेलास युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘पेट्रोलियम’ हा शब्द ‘खडक’ व ‘तेल’ या अर्थाच्या दोन पदांचा समास आहे. ‘शिलातैल’ म्हटलें असतां त्याचा अक्षरार्थ संस्कृतांत उतरतो. परंतु या समासांत एक तिसरें पद राहून गेलें आहे, तें पाण्याचें. तेल ज्या खडकांत सांपडतें ते बहुतेक प्राचीन समुद्रांच्या तळाशीं सांचलेल्या वाळूचे व गाळाचे बनलेले असतात. वाळूच्या कणांमधील पोकळींत खारें पाणी कोंडलेलें असतें, आणि तेल हलकें असल्यामुळें तें त्या पाण्यावर जमतें. वरचें तेल उपसूं लागलें कीं खालचें पाणी त्याच्या जागीं चढतें. म्हणून विहीर जसजशी जुनी होते तसतसें तिच्यांतून तेल कमी व पाणी अधिक येतें. हें पाणी कित्येक ठिकाणीं समुद्राच्या पाण्याच्या अनेक पट खारट असतें, व त्यांत बेरियम, रेडियम यांसारखीं द्रव्येंही असूं शकतात. शेतांत सोडलें तर पीक जळतें, ओढ्यांत सोडलें तर मासे मरतात, पिण्याच्या विहिरींत झिरपलें तर ती विहीर निकामी होते. आमच्या कोशकारांनीं ‘जीवन’ हा शब्द पाण्यास लावला आहे आणि ‘विष’ हाही लावला आहे. तेलाच्या प्रदेशांत दोन्ही अर्थ एका बोअरच्या अंतरावर नांदतात.

तेलविहिरीची विद्या मिठाच्या विहिरीपासून निघाली, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. चीन देशांतील सेचवान प्रांतांत मिठाकरितां फार पूर्वींपासून खोल विहिरी पाडीत. तेथील एक विहीर इ. स. १८३५ त १००० मीटरांहून खोल गेली. तिच्यांतून खारें पाणी व जळणारा वायु हीं दोन्ही निघत, आणि त्या वायूच्या आंचेवर खारें पाणी आटवून मीठ करीत. दोहोंचाही उपयोग होत असल्यामुळें तेथें टाकाऊ असें फारसें कांहीं उरत नसे.

अमेरिकेंत तसें झालें नाहीं. डेव्हिड व जोसेफ रफनर या बंधूंनीं इ. स. १८०८ च्या जानेवारींत कनावा नदीच्या कांठीं खडकांत भोंक पाडून मिठाचें पाणी काढलें. वरच्या थरांतील गोडें पाणी त्यांत मिसळूं नये म्हणून त्यांनीं भोंकांत लांकडी नळी बसविली. पुढें त्या खोऱ्यांत अशा अनेक विहिरी झाल्या, व त्यांतील कांहींतून पाण्याबरोबर तेलही येऊं लागलें. मीठ पिकविणारांस तें नकोसें झालें, म्हणून त्यांनीं तें नदींत सोडून दिलें. तें इतकें कीं, नावाड्यांनीं त्या नदीस ‘तेलकट म्हातारी’ अशा अर्थाचें टोपणनांव दिलें. पुढें पिट्सबर्गच्या सॅम्युएल किअर यानें टॅरेंटम येथील मिठाच्या विहिरींतलें तेल बाटल्यांत भरून औषध म्हणून विकलें, तेव्हां या टाकाऊ पदार्थास बाजारांत किंमत आली. यापुढील इतिहास याच्या उलट आहे. मीठवाल्यांनीं तेल नदींत सोडलें, आणि त्यांच्याच हत्यारांनीं विहिरी पाडणाऱ्या तेलवाल्यांनीं मीठ नदींत सोडलें. दोघांचीही चूक एकच होती. आपणांस जें नको तें नदीस चालतें, असें दोघांनींही धरून चालविलें.

इ. स. १८५९ त पेनसिल्व्हेनिया संस्थानांत टायटसव्हिल गांवाजवळ, ऑइल क्रीक नांवाच्या ओढ्याच्या कांठीं, एड्विन ड्रेक यानें तेलाकरितां विहीर आरंभली. कामास त्यानें विल्यम स्मिथ नांवाचा लोहार आणला. हा गृहस्थ मिठाच्या विहिरींच्या कामांत मुरलेला होता. ओढ्याकांठचें पाणी व वाळू खड्ड्यांत ढांसळूं लागल्यामुळें काम अडलें, तेव्हां ड्रेकनें लोखंडी नळ ३२ फूट खालीं खडकापर्यंत ठोकून बसविला व त्याच्या आंतून भोंक पाडलें. २७ ऑगस्ट रोजीं विहीर ६९॥ फूट खोल गेली आणि तेल लागलें. ड्रेकची कीर्ति तेलाकरितां आहे. परंतु त्याची युक्ति पाहिली तर ती पाण्यास बाहेर ठेवण्याची होती.

त्याच्या मागून आलेल्यांनीं नळीच्या भोंवतीं चामड्याची पिशवी बांधून तींत जवस भरण्याची तोड काढली. जवसाचे दाणे भिजून फुगले म्हणजे नळी व खडक यांमधील फट बुजे व वरचें पाणी खालीं उतरत नसे. पण दुरुस्तीकरितां नळी वर ओढली कीं ही बूच सुटे आणि पाणी तेलाच्या थरांत शिरे. तें एकाच्या विहिरींतून शेजाऱ्याच्या विहिरींतही जाई. १८७० च्या सुमारास विहिरींत कायम लोखंडी आवरण घालण्याची चाल पडल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरी सोडून दिलेल्या विहिरींचा प्रश्न राहिलाच. १८७८ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानें अशा विहिरी बुजविण्याविषयीं कायदा केला. वरवर पाहतां हा पाण्याच्या रक्षणाचा कायदा वाटतो. परंतु त्याचा हेतु वरचें पाणी खालच्या तेलाच्या वाळूंत शिरूं नये हा होता. म्हणजे त्यानें तेलाचें पाण्यापासून रक्षण केलें, पाण्याचें तेलापासून नव्हे. कायद्याचें नांव व तारीख पाहून त्याचा हेतु ठरवूं नये, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

पाण्याविषयींची दृष्टि बदलली ती ब्रॅडफर्ड येथें. १८७१ सालीं सांपडलेल्या या क्षेत्रानें १८८१ त सुमारें २ कोटि ३० लक्ष पिंपें तेल दिलें, व त्यानंतर तें झपाट्यानें ओसरलें. भूस्तरशास्त्रज्ञ जॉन कार्ल यानें १८८० सालींच असें सुचविलें होतें कीं, पाणी थरांत उतरल्यानें कांहीं ठिकाणीं तेल पुढें ढकललें जाऊन अधिक मिळूं शकेल. आवरण कुजलेल्या जुन्या विहिरींतून पाणी शिरल्यावर शेजारच्या विहिरींचें तेल वाढल्याचें लोकांच्याही नजरेस आलें, आणि कायद्याची मनाई असतांही कांहींजण मुद्दाम पाणी सोडूं लागले. अखेर १९२१ सालीं कायद्यानें त्यास परवानगी दिली. १९३७ त ब्रॅडफर्डचें उत्पन्न पुन्हां सुमारें १ कोटि ७० लक्ष पिंपांपर्यंत चढलें. ज्याला शत्रु मानून जवसाच्या पिशव्यांनीं अडविलें, तें पाणी असें चाकरीस लागलें.

खारें पाणी जेथून आलें तेथेंच परत पाठविण्याचा मोठा प्रयोग टेक्सास संस्थानाच्या पूर्व भागांत झाला. तेथील विस्तीर्ण क्षेत्र १९३० च्या ऑक्टोबरांत सांपडलें, आणि आजवर त्यानें ५०० कोटींहून अधिक पिंपें तेल दिलें आहे. येथील तेल खालच्या पाण्याच्या दाबानें वर येई. अनावर उपशामुळें तो दाब घटूं लागला व विहिरींतून खारें पाणी वाढत्या प्रमाणांत आलें. तें उघड्या खड्ड्यांत व ओढ्यांत सोडीत. १९४२ सालीं हें पाणी गोळा करून, स्वच्छ करून, मूळच्याच वाळूच्या थरांत परत सोडण्याकरितां एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. टेक्सासांत तेलावर अंमल ज्या मंडळाचा आहे त्याचें नांव मात्र ‘रेलरोड कमिशन’ आहे. या मंडळानें पाणी परत करणारांस कांहीं अधिक तेल काढण्याची मुभा दिली. त्यामुळें ओढे वांचले, दाब टिकला, व मालकांसही लाभ झाला. धर्म व अर्थ यांची वाट एक झाली म्हणूनच ही व्यवस्था टिकली, असें आम्हांस वाटतें. उघड्या खड्ड्यांवरील सर्वसाधारण बंदी मात्र टेक्सासांत १९६९ सालापर्यंत आली नव्हती.

पाणी परत पाठविलें कीं प्रश्न संपला, असें मात्र नाहीं. ३ सप्टेंबर २०१६ रोजीं ओक्लाहोमा संस्थानांत पॉनी गांवाजवळ ५.८ प्रतीचा भूकंप झाला. तेलक्षेत्रांतील खारें पाणी खोल थरांत मोठ्या प्रमाणावर ढकलल्याशीं त्याचा संबंध शास्त्रज्ञांनीं जोडला आहे, व त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनीं आसपासच्या कित्येक विहिरी बंद करविल्या. ड्रेकच्या पेनसिल्व्हेनियांतही जुनाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. तेथें खोल शिलाथरांतून वायु काढण्याकरितां एकेका विहिरीस ४० ते ५० लक्ष गॅलन पाणी लागूं लागलें, व परत येणारें खारट पाणी शुद्धिगृहांमार्फत नद्यांत जाऊं लागलें. पण तीं गृहें मीठ काढण्यास समर्थ नव्हतीं. एप्रिल २०११ त संस्थानच्या अधिकाऱ्यांनीं हें थांबविण्यास सांगितलें, आणि त्यानंतर तेंच पाणी पुढच्या विहिरीस पुन्हां वापरण्याची पद्धति वाढली. १८०८ पासून २०११ पर्यंत दोनशें वर्षें लोटलीं; पण नदीकडे पाहण्याची संवय एकदम सुटली नाहीं.

आतां कागदांकडे वळतों. पाणी दाबानें खालीं सोडलें असतां तें वर येण्यास वाट शोधतें. खडक अभंग असेल तर तें तेथेंच राहील. पण जवळ एखादी जुनी, न बुजविलेली विहीर असेल तर तिच्यांतून तें गोड्या पाण्याच्या थरांत चढेल. म्हणून अमेरिकेंत १९७४ च्या पेयजलरक्षणाच्या कायद्याखालीं झालेल्या नियमांनीं असें ठरविलें कीं, नव्या विहिरींतून असें पाणी सोडण्याचा परवाना मागणारानें निदान पाव मैलाच्या परिघांतील जुन्या विहिरी शोधून त्या नीट बुजविल्या आहेत कीं नाहींत हें दाखवावें. अशा रीतीनें कायद्यानेंच इतिहाससंशोधन हें पाण्याच्या रक्षणाचें अंग केलें.

हा शोध सोपा नाहीं. पेनसिल्व्हेनियांत १८५९ पासून ३ लक्षांहून अधिक विहिरी पाडल्या गेल्या असाव्यात, असा अंदाज आहे. पण तेथें परवान्याची पद्धति १९५६ सालीं सुरू झाली. त्यापूर्वींच्या विहिरींपैकीं फार मोठ्या संख्येचें ठिकाण आज सरकारी दप्तरांत नाहीं. कोणी लांकडी खुंट मारून, कोणी हातास लागेल तो राडारोडा टाकून विहीर सोडली. आज आकाशांतून लोहचुंबकीय यंत्र फिरवून कांहीं विहिरी शोधतात. परंतु यंत्रास लोखंड दिसतें, भोंक दिसत नाहीं. आणि पुष्कळ विहिरींचें आवरण मोडीच्या किंमतीकरितां पूर्वींच उपटून नेलेलें आहे. अशा विहिरीचा सांक्षी कागदच. १९३० नंतरच्या मंदींत बेकारांस काम देण्याच्या सरकारी योजनेंत तयार झालेले खाणींचे नकाशे आज याच कामीं येत आहेत, कारण नकाशा काढणारानें कोळशाबरोबर तेलविहिरींच्याही खुणा केल्या होत्या. त्याला त्या खुणांचें पुढें काय होईल याची कल्पना नसावी.

नष्ट झालें तेंही सांगितलें पाहिजे. जॉन मॅथर या छायाचित्रकारानें १८६० पासूनच्या दशकांत ऑइल क्रीकच्या खोऱ्यांतील विहिरींचीं चित्रें कांचांवर घेतलीं. १८९२ च्या जूनमध्यें त्या ओढ्यास पूर आला, त्यांत तेल मिसळून पेट घेतला, व मॅथरच्या संग्रहांतील हजारों कांचा नाश पावल्या. ज्या वांचल्या त्यांपैकीं पुष्कळ टायटसव्हिलच्या संग्रहालयांत आहेत. त्या कांचा केवळ कौतुकाच्या नव्हेत. कोणत्या टेंकडीच्या पायथ्याशीं किती विहिरी होत्या याचा तो पुरावा आहे. पूर व आग यांनीं एका दिवसांत जें नेलें, त्याची किंमत तेथील लोक आज भूगर्भांत चांचपडून मोजीत आहेत. २०२१ सालीं अमेरिकन सरकारनें बेवारस विहिरी शोधून बुजविण्याकरितां ४७० कोटि डॉलर मंजूर केले. जुन्या मालकांनीं नकाशे व टिपणें सांभाळलीं असतीं, तर यांतील शोधाचा खर्च तरी हलका झाला असता.

कोणी म्हणेल कीं कागदानें पाणी शुद्ध होत नाहीं. तें कायद्यानें, यंत्रानें व पैशानें होतें. हें खरें आहे. परंतु कोठें बुजवावयाचें हें ठाऊक नसेल तर सीमेंट घेऊन काय करावें? सारांश, खोल जमिनींत हात घालणारावर दोन कर्तव्यें येतात: जें पाणी वर आलें त्याची सोय लावणें, आणि आपण कोठें व किती खोल भोंक पाडलें हें पुढच्यांकरितां लिहून ठेवणें. पहिलें कर्तव्य विसरल्याचा परिणाम लवकर दिसतो. दुसरें विसरल्याचा परिणाम नातवांच्या विहिरींत उतरतो.

हा प्रश्न परक्या मुलखापुरताच नाहीं. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं तेल लागलें व १९७६ त उत्पादन सुरू झालें. तेथील आरंभींच्या नोंदवह्यांस आतां पन्नास वर्षें होत आलीं, म्हणजे त्याही आमच्या प्रांतांत येऊं लागल्या. शिवाय आपल्या गांवोगांवीं पाण्याकरितां पाडलेल्या बोअरांचीं टिपणें, जुन्या बांधकाम खात्याचे नकाशे व खाणींचीं पत्रकें रद्दीच्या दुकानांत नित्य येतात. मोडी लिपींतील रुमाल शोधीत त्या दुकानांत जाणाऱ्या आमच्या मित्रांस एवढीच विनंती आहे कीं, अशा कागदावर श्रीकार व शिक्का नाहीं म्हणून तो बाजूस टाकूं नये. गांवाचें नांव, साल व खोलीचा आंकडा एवढें जरी त्यावर असलें, तरी तो जपून ठेवावा.